हस्ते बाविस्कर

पट्टा थांबला.
तोवर एकच बॅग उरली होती, गुलाबी,
चौथ्यांदा माझ्यासमोरून गेली
आणि चौथ्यांदाही माझी निघाली नाही.

मस्कतला पहाटेचे साडेचार.
काउंटरवरच्या मुलीनं चित्रांचा तक्ता पुढे सरकवला,
यातली कुठली?
चाकांची, बिनचाकांची, कडक, मऊ,
किती तरी नमुने, सगळे साहेबाघरचे.
मिक्सरचं खोकं, म्हटलं. निळी दोरी.
दोन बाजूंना काळ्या शाईत नाव.
तिनं लिहिलं : इतर.

आत काय?

आता काय सांगू, बाई.
माझं म्हणाल तर दोन पँटी नि एक टॉवेल.
बाकी सगळं खोलीचं.
मी सुटी संपवून परत निघालो ही बातमी
रुसैलच्या कँपातून चार गावांना आधीच गेलेली,
त्यामुळे अमळनेरला, मग पनवेलच्या स्टँडवर
माणसं उभी होती पुड्या घेऊन.
प्रत्येक पुडीवर घरच्या अक्षरात ज्याचं त्याचं नाव
आणि खाली, बारीक :
हस्ते बाविस्कर.

मुकादमच्या आईचा सुका जवळा,
पाच पिशव्यांत, एकीत एक,
विमानाला वास लागू नये म्हणून.
गावसचा चष्मा. इथल्या काचेच्या भावात
तिकडं डोळेच नवे मिळतील, असं तो म्हणतो.
भिकनच्या बीपीच्या गोळ्या, तीन महिन्यांच्या.
आणि कोठावदेच्या पोरीचा पहिला पडलेला दात,
रिकाम्या काड्यापेटीत, कापसावर.
कौलांवर टाकायचा असतो तो,
पण ती म्हणाली, आधी पप्पांना दाखवा.

मुलगी टाइप करत होती :
कपडे. खाण्याचे पदार्थ. औषधं.
दातापाशी बोटं थांबली.
सोन्याचा?
नाही, म्हटलं. दुधाचा.

मग रोज ड्यूटी सुटली की फोन.
आधी अरबी, मग इंग्रजी, मग बासरी.
बासरी वीस-वीस मिनिटं.
मग एक माणूस, रोज वेगळा, रोज तोच :
आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, शोध चालू आहे.
कधी खोकं मुंबईतच होतं,
कधी चुकून बहारीनला उतरलेलं,
एकदा तर म्हणाला, सर,
यादीत तुम्हीच दिसत नाही.

सहाव्या रात्री गावसनं विचारलं,
डोळे बारीक करून, मी नक्की कुठे बसलोय ते बघत :
काय म्हणतायत?
आणि माझ्या तोंडून निघालं :
शोध चालू आहे. थोडा धीर धरा.
तुमची अडचण मी समजू शकतो.

एसी घरघरत होता.
खाटांवर चौघं माझ्याकडे बघत राहिले
थांबलेल्या पट्ट्याकडे बघावं तसे.

नंतर कळलं, भरपाई वजनावर असते.
एकोणीस किलो चारशे.
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला :
गोळ्यांचं इतकं, चष्म्याचं इतकं,
रियाल, त्याखाली बैसा.
सुकलेल्या जवळ्याला कसलं आलंय वजन,
माझं खोडून टाक, मुकादम म्हणाला.
काड्यापेटी आठ ग्रॅम धरली.
कोठावदेनं माझ्या हातातलं पेन घेतलं,
टोपण लावलं, परत दिलं.

शुक्रवारी त्याच्या घरून व्हिडिओ कॉल आला.
आम्ही उगाच कपडे वाळत घालायला बाहेर गेलो,
दार मात्र उघडंच होतं.

मिळाला ना, म्हणत होता. परवाच.
केवढासा गं तो!
हो, ठेवलाय ना उशाशी.
आता दाखवायला कसा... ड्यूटीवरून आत्ता आलोय, राणी.
बरं, तोंड उघड बघू.
दुसरा कुठला हलतोय?
दिवाळीत गावसकाका येतायत तिकडं,
त्यांच्याकडे दे.
हातात दे हं त्यांच्या.
सामानात नको.